पायवाट नेमकी कुठे मोडते?

वाचक विचारतात

प्रश्न : बाई, माझी मुलगी दहावीला आहे. शिकवणीच्या सरांनी सरावासाठी बालकवींची 'औदुंबर' दिली आणि रसग्रहण लिहून आणायला सांगितलं. तिनं लिहिलं ते असं : 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे. कवितेत अनुप्रास, यमक, उपमा इत्यादी अलंकारांची रेलचेल आहे. कविता वाचताना मन प्रसन्न होते.' सरांनी 'छान' असा शेरा दिला. मला मात्र वाटलं, ही तीन वाक्यं उचलून दुसऱ्या कुठल्याही निसर्गकवितेखाली चिकटवली तरी खपतील. मी पडले कॉमर्सची. छंद, मात्रा यातलं मला ओ की ठो कळत नाही. आठ ओळींच्या कवितेत बघायचं तरी काय असतं आणि सुरुवात कुठून करायची?
(एक आई, नाशिक)

उत्तर : सरांना दोष देऊ नका. खानदेशातल्या एका गावच्या शाळेत मीही जन्मभर असेच 'छान' वाटले आहेत. साठ पेपर, एक रात्र आणि सकाळी साडेसातची शाळा, असा हिशेब असला की लाल पेन आपोआप चालतं.

आधी कविता समोर ठेवू. पाठ असली तरी ठेवू, कारण पाठ असलेली कविता आपण बघत नाही.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतून.

चार घरांचें गांव चिमुकलें पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढें.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आता मुलीला सांगा, वही मीट आणि टाळी वाज. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल, तर त्याही अक्षराच्या दोन. 'गर्दी'तल्या 'ग'वर आघात येतो, म्हणून तो दोनाचा. 'मळ्यांची'तल्या 'म'वर येत नाही, म्हणून तो एकाचा. मोठ्यानं म्हणून बघितलं की लगेच कळतं, त्याला पुस्तक लागत नाही. पहिली ओळ मोजा : 'ऐल तटावर' आठ, 'पैल तटावर' आठ, 'हिरवाळी घे' आठ आणि उरले 'ऊन', तीन. एकूण २७. दुसरी : 'निळासांवळा' आठ, 'झरा वाहतो' आठ, 'बेटाबेटां' आठ, 'तून' तीन. पुन्हा २७. घरात कोणी तबला वाजवत असेल तर केरवा धरायला सांगा, आठ मात्रांचा. कविता त्यावर अलगद बसते. अक्षरं मोजून नव्हे तर मात्रा मोजून होणाऱ्या अशा रचनेला मराठीत 'जाती' म्हणतात. ओवी-अभंग अक्षरांच्या हिशेबावर चालतात, ते छंद; शार्दूलविक्रीडितासारखी गणांवर (तीन-तीन अक्षरांच्या ठरलेल्या गटांवर) चालणारी ती वृत्तं. एवढी वर्गवारी दहावीला पुरे.

मी हे वर्गात डेस्क बडवून करायचे. पन्नास पोरं एकदम 'ऐल तटावर' म्हणत डेस्क ठोकायला लागली की शेजारच्या वर्गातून भूगोलाचे सर डोकावायचे आणि 'चालू द्या, चालू द्या' म्हणत कपाळाला हात लावून निघून जायचे.

पण आठ-आठ-आठ-तीन हे मोजून झालं, वहीत लिहिलं आणि पुस्तक मिटलं, तर केलेली मेहनत वाया गेली. मोजायचं ते ठेका कुठे अडतो हे बघायला. एकेक ओळ त्याच टाळीवर म्हणत जा. 'चार घरांचें / गांव चिमुकलें /'. टाळी पडते तिथे शब्द संपतो. 'शेतमळ्यांची / दाट लागली /'. तेच. आता पाचवी ओळ म्हणा. 'पायवाट पां / ढरी तयांतुनि /'. टाळी 'पांढरी'च्या पोटात पडली! मात्रा पुऱ्या आठच आहेत, पण शब्द ठेक्याच्या आडवा आला. पहिल्या दोन टाळ्यांचा हिशेब घेतलात तर असा सरळसरळ मधून तुटणारा शब्द अख्ख्या कवितेत हा एकच. (सहाव्या ओळीत 'कुरणां / मधुनि' असं होतं, पण तिथे शब्द आणि त्याचा शब्दयोगी सुटे होतात, ते कानाला टोचत नाही.) आणि हा शब्द तुटतो कुठे, तर वाट 'अडवीतिडवी' पडते असं सांगणाऱ्या ओळीत. बालकवींनी हे बोटं मोजून केलं असेल असं मी म्हणणार नाही. त्यांचा कान तसा होता. आपण मात्र बोटं मोजल्याशिवाय ते पकडू शकत नाही.

आता ओळींच्या शेपट्या. पहिल्या जोडीत 'ऊन', 'तून' : आधी लांब, मग आखूड. मधल्या चार ओळींत 'कडे', 'पुढें', 'पडे', 'कडे' : आधी आखूड, मग लांब. वाट चालतेय, टेकडीकडे, पुढे, डोहाकडे, आणि यमक पावलागणिक तेच. शेवटच्या जोडीत 'वर', 'बर' : दोन्ही आखूड, तीन मात्रा भरायला शेवटचं अक्षर म्हणताना लांबवावं लागतं. लांबवून बघा. 'औदुंबरऽ'. आवाज तिथे थांबून राहतो.

मग क्रियापदांखाली रेघा मारायला सांगा. झरा वाहतो. मळ्यांची गर्दी लागली. वाट पडे, वाट चालली. काळिमा पसरी. बसला. चार घरांच्या गावाला तर क्रियापदच नाही, ते नुसतं आहे. सगळी कविता वाहत-चालत येते आणि शेवटी कोणीतरी बसलेलं असतं. कोण बसलंय ते कळायला मात्र अगदी शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर' : पसरी कोण? ढग? संध्याकाळ? कर्ता सांगितलेलाच नाही. पुढच्या ओळीत 'पाय टाकुनी जळांत बसला' : तरी नाही. 'असला' : अजूनही नाही. मग 'औदुंबर'. शीर्षकात नाव आधीच फुटलंय म्हणून आपल्याला ही गंमत जाणवत नाही. एखाद्या लहान मुलाला शीर्षक न सांगता कविता म्हणून दाखवा आणि त्याचं तोंड बघा.

रंगांबद्दल सगळेच लिहितात, मी पटकन पुढे जाते. हिरवा तीनदा येतो (हिरवाळी, हिरवी, हिरव्या), मग पांढऱ्या वाटेचा हात धरून काळा येतो आणि त्यानंतर हिरव्याचं नाव निघत नाही. रेंगाळायचं ते 'गोड काळिमा'पाशी. आपल्याकडे काळिमा फासतात, कुळाच्या नावाला लागतो तो काळिमा. चांगल्या घरात हा शब्द येतो तो वाईट बातमीबरोबर. त्याच्यामागे 'गोड' लावायची छाती कोणाची होईल? परीक्षेत याला विरोधाभास म्हणा, गुण मिळतील. पण मुलीला आधी विचारा, की भर उन्हात चालत येऊन झाडाखाली पाण्याशी टेकलं की तो काळोख कसा लागतो? उत्तर ती स्वतःच देईल.

'ळ'ही ऐका. आठ ओळींत नऊदा येतो, त्यातले पाच शेवटच्या तीन ओळींत : काळ्या, झाकळुनी, जळ, काळिमा, जळांत. याला अनुप्रास म्हणतात हे खरं, फक्त 'अनुप्रास आहे' एवढंच लिहून थांबायचं नाही. सातव्या ओळीत तीन 'ळ' लागोपाठ म्हणताना जीभ मागे वळते आणि आवाज खोल जातो. पाणी खोल झालेलं असतं ना तिथे!

आणि उपमा? तुमच्या लेकीनं उपमा लिहिलीय. अख्ख्या कवितेत 'सम', 'परी', 'जैसे' असलं काही नाही. एकही उपमा नाही. सवयीनं लिहिली गेली, पोह्यांवर कोथिंबीर टाकतो तशी. शेवटच्या ओळीत झाडाला माणसासारखं बसवलंय ती चेतनगुणोक्ती, ती मात्र पक्की.

त्या चेतनगुणोक्तीबद्दल एक सांगते आणि हे उत्तर आवरते. नववीच्या सहामाहीत एका पोरानं लिहिलं होतं : 'वाटेवर पाय दिसत नाहीत. पाय फक्त झाडाला आहेत.' एवढंच. पुढे कोरं. मी लाल पेनानं 'विषयांतर, अपूर्ण' लिहून गुण कापला. पेपर वाटले, सुट्टी लागली. दिवाळीत फराळाचं तळताना ते वाक्य अचानक डोक्यात वाजलं आणि चकली करपली. पाय-वाट! जी पायांनी पडते ती. गाव आहे, घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, आणि सगळ्या कवितेत माणूस एकही नाही. वाट डोहाकडे जाते आणि डोहात पाय दिसतात ते झाडाचे. 'पाय' हा शब्द कवितेत दोनदाच आहे, एकदा वाटेत आणि एकदा पाण्यात. पोरानं ते दोन वाक्यांत धरलं होतं. मला कळेपर्यंत त्यानं शाळा सोडली होती. पुढे घरच्या शेतीत लागला असं ऐकलं. तो कापलेला गुण अजून माझ्याकडेच आहे.

तेव्हा लेकीला म्हणावं, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे तीन मथळे खुशाल घाल, तपासणाऱ्याला सोपं जातं. पण प्रत्येक मथळ्याखाली एक तरी वाक्य असं हवं, जे फक्त याच कवितेखाली बसेल.

प्रश्न : मी मराठीचा शिक्षक. 'औदुंबर'च्या मात्रा मोजून घेताना आमच्याकडच्या झेरॉक्समधली पाचवी आणि सहावी ओळ २८ भरते. बाकीच्या ओळी बरोबर येतात. बालकवी चुकले म्हणायचं का? शिवाय जुन्या पुस्तकात 'गांव', 'चिमुकलें', 'पुढें' असे अनुस्वार दिसतात, नव्यात नाहीत. कुठलं खरं?
(एक शिक्षक, बीड)

उत्तर : तुमच्या झेरॉक्समध्ये 'तयांतुनी' आणि 'कुरणांमधुनी' छापलंय. पैजेवर सांगते. टाइप करणाऱ्यानं शुद्धलेखनाचा नियम पाळला : मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. नियम पाळला आणि एक मात्रा फुकट वाढली. कवितेत ते 'तयांतुनि', 'मधुनि' असं ह्रस्व आहे आणि तसंच हवं.

आता गंमत बघा. याच कवितेत 'झाकळुनी' आणि 'टाकुनी' दीर्घ आहेत. 'झाकळुनि जळ' केलंत तर सातच मात्रा होतील, ठेका लंगडेल. म्हणजे एकाच कवितेत 'उनि-उनी' हा एकच शेवट कवीनं दोन जागी ह्रस्व आणि दोन जागी दीर्घ वापरलाय, गरजेप्रमाणे. छंदासाठी कवीला ही सवलत परंपरेनंच असते. ती सवलत मुद्रितशोधकानं काढून घेऊ नये. एकदा वर्गात दोन्ही प्रती वाटून पोरांकडून चूक शोधून घ्या. 'मात्रा मोजा' म्हटलं तर जांभया देतात, 'छापणाऱ्याची चूक पकडा' म्हटलं की तुटून पडतात.

अनुस्वारांचं सांगायचं तर ते उच्चार नसलेले शीर्षबिंदू, डोक्यावरचे ठिपके. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये शासनानं स्वीकारले, तेव्हा ते गेले. महामंडळाच्या नियमांत एक रेषा आखून दिलेली आहे : केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाप्रमाणे छापायचं आणि केशवसुतांपासून पुढचं नव्या नियमांनी. बालकवी केशवसुतांनंतरचे, म्हणून पाठ्यपुस्तकातल्या 'चिमुकलें'वरचा ठिपका गेला. मात्रांना त्यानं धक्का लागत नाही. 'लें' काय आणि 'ले' काय, दोन्ही दोनाचेच. फरक पडला तो डोळ्याला. जुन्या छपाईत 'कडे' आणि 'पुढें' हे यमक किंचित वेगळं दिसायचं, एकावर ठिपका आणि एकावर नाही. आता ते जास्त जुळल्यासारखं वाटतं. 'ड' आणि 'ढ' मात्र तसेच राहिले, त्यांना कुठला नियम एक करणार!

प्रश्न : औदुंबर म्हणजे मृत्यू, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. बालकवींना मरण आधीच दिसलं होतं, असंही सर म्हणायचे. मला तर ती कविता नेहमी शांत वाटत आली. आणि शेवटच्या ओळीतला 'असला' हा नुसता भरतीचा शब्द नाही का?
(निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : बालकवी ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनावर रेल्वेखाली गेले. वय अवघं २७. एवढी धक्कादायक तारीख हाताशी असली की माणूस ती मागच्या प्रत्येक कवितेत घालून बघतो. मी धरणगावच्या आसपासची, बालकवींचा जन्म तिथलाच. आमच्याकडे तर हा मोह जास्तच. पण अपघात कळल्याशिवाय कवितेत जे सापडत नाही, ते कवितेत नाही असं मी धरते.

मरणाचा वास येतो तो शब्दांतून, आणि तो येतो हे मी नाकारणार नाही. 'पैल' हा साधा शब्द नाही. 'पैल तो गे काऊ कोकताहे' ज्ञानदेवांपासून आपल्या कानात आहे आणि म्हातारं माणूस 'आता पैलतीर दिसतोय' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. वाट शेवटी जाते ती काळ्या डोहाकडे. झाडाचं नावही उंबर नाही, औदुंबर आहे. गावात आम्ही उंबरच म्हणतो, फार दिवसांनी आलेल्या माणसाला 'उंबराचं फूल झालात' म्हणतो. औदुंबर म्हटलं की दत्त आले, पार आला, प्रदक्षिणा आल्या. 'उंबर' घातलं असतं तर मात्राही दोन कमी पडल्या असत्या हे आहेच. म्हणजे वैराग्य म्हणणाऱ्याला आधार आहे, मृत्यू म्हणणाऱ्यालाही आहे आणि तुमच्या शांतीला तर 'गोड' हा शब्दच साक्ष आहे. तुमच्या सरांनी 'म्हणजे' म्हटलं तिथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. झाड आधी झाड आहे, पाण्यात मुळं सोडून बसलेलं. गिरणेकाठी अशी झाडं मी बघितलीत. पूर ओसरला की काठ खचतो, मुळं उघडी पडतात आणि खरोखर गुडघे दुमडून बसल्यासारखी दिसतात.

'असला'ची मात्र मी वकिली करणार. भरतीचा शब्द आहे की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. त्याच मात्रांचा दुसरा शब्द घालून बघायचा. 'असला'च्या मात्रा चार. 'पाय टाकुनी जळांत बसला सुंदर औदुंबर' : मात्रा बरोबर आणि ओळ दिनदर्शिकेवरच्या चित्राखाली घालण्याच्या लायकीची. 'एकच औदुंबर' : बरं आहे, पण मग तो बिचारा वाटायला लागतो. 'हिरवा औदुंबर' : सहाव्या ओळीनंतर जो रंग कवीनं मुद्दाम मिटवला तोच परत आला, काळिमा वाया गेला. आता पुन्हा 'असला' म्हणा. 'बसला असला' हा आतला नाद आहेच, पण कान देऊन ऐकलंत तर त्यात बोट दाखवणंही आहे. 'असला पाऊस पडला म्हणून सांगू!' यात आपण पावसाचं वर्णन करत नाही, वर्णन थकलंय असं कबूल करतो. सात ओळी इतकं नेमकं रेखाटणारा कवी आठव्या ओळीत त्या झाडापुढे येतो आणि हात नुसता त्याच्याकडे करतो.

माझ्या वर्गात एका पोरीनं वेगळंच वाचलं होतं : 'बसला असला', म्हणजे बसला असेल, नक्की माहीत नाही. व्याकरणानं ते ओढूनताणून होतं आणि मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, 'पण बाई, तो डोहाजवळ आहे ना, जवळ कोण जाऊन बघणार?'